हात पाठीमागे बांधून

मला म्युझियमं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. जिच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तालुक्याच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या दारात, एका स्टुलाशेजारी गेल्या, तिला पुढे काचेच्या कपाटांचं कौतुक उरत नाही. त्या स्टुलावर माझे बाबा बसायचे. ते तिथे चौकीदार होते. आत दोन खोल्या होत्या आणि एकच पंखा, तोही मूर्तींच्या खोलीत. बाबांना वारा हवा असला तर मूर्तींपाशी जाऊन उभं राहावं लागायचं.

त्यामुळे गेल्या वर्षी स्प्रिंग ब्रेकला मी बाबांना आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाकाला गेले आणि पाच दिवसांत सहा म्युझियमं पाहिली, याचं श्रेय माझं नाही. ते मुलीच्या स्पॅनिशच्या बाईंचं. बाईंनी वर्गाला प्रोजेक्ट दिला होता: एक म्युझियम पाहायचं, जुन्या वस्तूंमधलं कळणाऱ्या एका माणसाची मुलाखत घ्यायची आणि वर्गासमोर स्पॅनिशमध्ये सांगायचं. बाकीची मुलं जवळच्याच सिअ‍ॅटलला जाऊन आली. आमच्या मुलीनं हट्ट धरला, की तिला मेक्सिकोलाच जायचं, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी खास होतं. तिचे आबा घरात आलेले होते, सहा महिन्यांसाठी, नागपूरहून. आणि आबा आर्किऑलॉजिस्ट होते.

ते नव्हते. कधीच नव्हते. हे मला आणि नवऱ्याला माहीत होतं, मुलीला नव्हतं, आणि तिला तसं सांगणारी मीच होते.

खोटं बोलायला मी बसले नव्हते. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात माझा पहिलाच महिना होता. जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममधली पुण्याची एक सीनियर होती. तिनं आडनाव विचारलं, त्यातून तिला काही उमगलं नसावं. मग गाव विचारलं. मग, वडील काय करतात? हे तीन प्रश्न याच क्रमानं येतात आणि कशासाठी येतात, ते आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी डब्यातला घास तोंडात ठेवून म्हटलं, "आर्किऑलॉजीत आहेत." यात एक अक्षर खोटं नव्हतं. चौकीदार होण्याआधी अकरा हिवाळे बाबांनी वैनगंगेच्या काठावर एका उत्खननात माती खोदली होती. रोजंदारीवर. स्तूपाच्या कठड्याचा पहिला दगड त्यांच्याच टिकावाखाली आला होता. टिकावाचा आवाज बदलला म्हणून त्यांनी हात थांबवला, खाली बसून खुरपीनं माती काढली, आणि कोरलेलं कमळ दिसल्यावर पायातल्या चपला काढून ठेवल्या. मग साहेबांना हाक मारली. ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती, की ती सुरू झाली की मला झोप यायची.

तर मी म्हटलं "आर्किऑलॉजीत आहेत", आणि ती सीनियर म्हणाली, "अय्या, आर्किऑलॉजिस्ट? किती इंटरेस्टिंग!" मला "नाही" म्हणायला एक सेकंद होता. तो मी भाजी चावण्यात घालवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात, पण मूठ झाकून ठेवली की हात दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, हे कोणी सांगत नाही. ऑफिसमधून ती गोष्ट आम्ही राहतो त्या बॉथेलच्या ओळखीपाळखीत गेली, मैत्रिणींच्या घरी गेली, आणि मुलगी बोलू लागेपर्यंत आमच्या घरात पक्की होऊन बसली. एका वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, मुलीनं स्टेजवरून सांगितलं की तिच्या आजोबांनी, जे आर्किऑलॉजिस्ट आहेत, एक बौद्ध स्तूप शोधून काढला. टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांचे बाप कुठे ना कुठे घमेली उचलून मोठे झाले होते. तिथे खरं सांगितलं असतं तर टाळ्या जरा जास्तच पडल्या असत्या. पण मी पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर व्हिडिओ काढत राहिले.

असो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टात चालू असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, हे इथल्या आमच्या लोकांना बाराखडीसारखं पाठ असतं. माझा स्टॅम्प नवा होता, बाबांचा व्हिजिटर व्हिसा होता, मुलगी इथलीच. नवऱ्याच्या पासपोर्टातला स्टॅम्प मात्र संपलेला होता, म्हणून तो घरी राहिला. विमानतळावर सोडायला आला तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, की तिथे पोहोचायच्या आधी मुलीला सांगून टाक. मी म्हटलं, बघते. मी विमानात सिनेमा बघितला.

वाहाका शहरातलं मोठं म्युझियम एका जुन्या मठात आहे. भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. एका अंधाऱ्या खोलीत कुठल्याशा थडग्यातलं सोनं मांडलंय, लोक तिथे हळू आवाजात बोलतात. मला त्या सोन्यापेक्षा बाहेरची बाग बरी वाटली, तिथे निवडुंग घराइतके उंच वाढलेले. बाबांना सोन्याशी घेणंदेणं नव्हतं. ते मडक्यांपाशी थांबत होते. पाटा-वरवंट्यापाशी तर ते थबकलेच. आपल्यासारखाच पाटा, फक्त याला तीन पाय होते. त्यांनी वाकून पाट्याच्या मधली झीज बघितली आणि डोकं हलवलं, म्हणजे वापरणारीनं पुष्कळ वापरला होता.

तिथल्या एका पहारेकऱ्यानं काचेला हात लावू नका असं खुणेनं सांगितलं. बाबांचा हात काचेपासून वीतभर लांब होता. मुलीला ते लागलं. ती पुढे झाली आणि शाळेत शिकलेल्या स्पॅनिशमध्ये, मान ताठ करून, त्याला काहीतरी म्हणाली. त्यातला एक शब्द मलाही कळला आणि बाबांनाही. अकरा हिवाळे साहेबलोकांच्या तोंडून त्यांनी तो इंग्रजीत ऐकला होता, आणि दोन्ही भाषांत तो जवळजवळ सारखाच आहे.

"का म्हनली ते?" बाबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "आबांना जुन्या वस्तूंमधलं कळतं, असं सांगितलं तिनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग पहारेकऱ्याकडे बघून मान लववली, शर्टाची कॉलर नीट केली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून पुढच्या कपाटाकडे निघाले.

बाबा हात मागे बांधून चालत नाहीत. कधीच चालत नव्हते. ज्याच्या हातात चाळीस वर्षं टिकाव, घमेलं, नाहीतर किल्ल्यांचा जुडगा होता, त्याचे हात चालताना पुढे असतात. ती चाल कोणाची ते मला ताबडतोब ओळखू आलं. मी पाच-सहा वर्षांची असताना उत्खननावर आईचं बोट धरून डबा द्यायला जायचे, तेव्हा खड्ड्याच्या कडेकडेनं साहेब तसे चालायचे. थोडे वाकून, हात मागे, दर दहा पावलांनी थांबून. बाबा माझ्यासाठी साहेब झाले होते.

तिथेच त्यांना थांबवून मुलीला सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी पाण्याची बाटली काढून पाणी प्यायले.

पुढचे दोन दिवस ते तसेच चालले. शहराबाहेरच्या टेकडीवर जुने चौथरे आहेत आणि पायथ्याशी एक छोटं म्युझियम, तिथे तसेच. दुसऱ्या एका गावातल्या बंद पडायला आलेल्या म्युझियममध्ये, जिथे अर्ध्या कपाटांतले दिवे गेलेले होते, तिथेही. मुलगी मोबाईलवर रेकॉर्ड करत इंग्रजीत प्रश्न विचारायची, मी ते मराठीत सांगायचे, बाबा वऱ्हाडीत उत्तर द्यायचे. खड्डा किती खोल होता? दोन पुरुष. पहिली वस्तू कोणती मिळाली? दगड. तेव्हा काय वाटलं? बाबा म्हणाले, की पाय उघडे असलेले बरे असं वाटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की एवढ्या प्रश्नोत्तरांत बाबांनी खोटा असा एक शब्द उच्चारलेला नाही. आपण कोण होतो एवढंच ते गाळत होते. लबाडी सगळी माझी होती, त्यांच्या वाट्याला गप्प बसणं आलं होतं, आणि ते काम ते आयुष्यभर केल्यासारखं नीट करत होते. मला रागही येत होता. स्वतःचा यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्यांचा येत होता. एवढं समजून घ्यायला तुम्हाला सांगितलंय कोणी, असं वाटत होतं.

त्या अर्ध्या दिव्यांच्या म्युझियममध्ये एक उत्साही गाईड होता. आर्किऑलॉजिस्ट आलेत म्हटल्यावर तो आमच्या मागेच लागला. एका मातीच्या बाहुलीपाशी नेऊन त्यानं बाबांना विचारलं, की यांच्या मते ही कशाची असेल. मुलीनं इंग्रजीत मला सांगितलं, मी मराठीत बाबांना. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. ते बाहुलीकडे बघतच नव्हते. तिच्या तुटलेल्या नाकाकडे बघत होते.

"हे मातीत नाही फुटलं," ते म्हणाले. "टिकावानं फुटलं. पाह्य, आतला रंग कसा ताजा हाय. त्या दिवशी कोनाले तरी लय बोलनं बसलं असन."

मुलीनं मला न विचारताच पहिल्या भागाचं भाषांतर केलं. गाईड चाट पडला. त्यानं बाहुलीकडे नव्यानं पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बोलणं कोणाला बसलं असेल, हे त्याला कोणी सांगितलं नाही. हॉटेलवर परत येताना टॅक्सीत मुलगी म्हणाली, की आबा सुपर स्मार्ट आहेत. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर मक्याची ठुटं उभी होती आणि एक माणूस बैल घेऊन चालला होता.

चौथ्या दिवशी आम्ही खोऱ्यातल्या एका खेड्यातलं म्युझियम बघायला गेलो. तिकडे बऱ्याच खेड्यांची स्वतःची म्युझियमं आहेत. सरकारची नव्हेत, गावाची. गावसभा माणसं निवडते, ती काही काळ बिनपगारी म्युझियम सांभाळतात, मग दुसऱ्यांची पाळी. आपल्याकडे श्रमदान म्हणतात तसं, फक्त आपल्यासारखं फोटो काढेपर्यंतचं नाही. म्युझियमला कुलूप होतं. समोरच्या दुकानात विचारल्यावर एक बाई चौकड्याच्या एप्रनला हात पुसत किल्ली घेऊन आली. असेल माझ्या आईच्या वयाची, आई असती तर. मुलीशी बोलता बोलता तिनं सांगून टाकलं, की तिला खरं तर पाणी समितीवर जायचं होतं, गावानं म्युझियम गळ्यात घातलं. मला ती बाई आवडली.

आत तीन खोल्या. ट्यूबलाइट. एका खोलीत गावातल्या देवळासमोरचा चौक नव्यानं फरसबंद करताना सापडलेलं थडगं मांडून ठेवलेलं: मडकी, हाडांच्या सुया, काळ्या काचेची पाती, हिरव्या दगडाचे मणी. मुलीनं सवयीप्रमाणे बाईला आबांचा हुद्दा सांगितला. बाईनं "हो का" अशा अर्थाची मान हलवली आणि पुढे चालू लागली. आर्किऑलॉजिस्टचं तिला फारसं पडलेलं दिसलं नाही. बाबा हात मागे बांधून तिच्यामागे गेले.

मुलगी हाडांच्या सुयांचे फोटो काढत मागे राहिली. मी आणि बाबा दुसऱ्या खोलीत पोचलो तेव्हा समोरच्या पूर्ण भिंतीवर नावं होती. चुन्याच्या भिंतीवर निळ्या रंगानं, ब्रशनं लिहिलेली, चार रांगांत. शेजारी एक मोठा फोटो. त्यात खणलेला चौक, कडेला टोप्या घातलेले पंधरा-वीस पुरुष आणि काही बायका, हातांत फावडी.

"हे कोनाचे नावं होय?" बाबांनी विचारलं.

राजाबिजा असतील, नाहीतर देणगीदार, असं मला वाटलं. मी मोबाईलवरच्या भाषांतराच्या मदतीनं बाईला विचारलं. तिनं एकेका रांगेवरून हात फिरवत सांगितलं. ज्यांनी खोदलं, त्यांची ही नावं. गावातल्या घराघरांनी पाळीपाळीनं माणूस दिला. हा तिचा दीर. ही तिची मावशी, माती चाळायला होती. आणि आर्किऑलॉजिस्ट? बाईनं शोधलं. चौथ्या रांगेत, तळापासून तिसरं, त्याच निळ्या रंगात, तेवढ्याच आकारात. तोही होता ना खोदायला, ती म्हणाली, म्हणून त्याचंही.

मी हे बाबांना सांगितलं.

बाबांनी पाठीमागचे हात सोडले. भिंतीजवळ गेले, एका नावावर बोट टेकवलं आणि पुढच्या नावावर नेलं, मग त्याच्या पुढच्या. त्यांना ती लिपी वाचता येत नाही, सातवीपर्यंतच्या इंग्रजीतली अक्षरं तेवढी लागतात. तरी रांगेतल्या शेवटच्या नावापर्यंत ते गेले. बाई बाजूला सरकून उभी राहिली. चौकीदारी केलेल्या माणसाला चौकीदारी करणारी बाई बहुतेक ओळखते. मला वैनगंगेकाठच्या उत्खननाचं ते जाड पुस्तक आठवलं. बाबांनी साहेबांकडून मागून आणलेलं, घरी आंबेडकरांच्या फोटोखाली ठेवलेलं. त्यात कठड्याच्या दगडाचा फोटो आहे आणि दगडाशेजारी एक हात आहे, मापाची पट्टी धरलेला. मनगटाच्या वर फोटो कापलेला. लहानपणी मला त्या हाताचा अभिमान होता. नंतर कधीतरी मी तो दाखवायचा बंद केला.

बाबा वळले. पलीकडच्या खोलीतून मुलीच्या बुटांचा आवाज येत होता. ते माझ्या जवळ आले आणि अगदी हळू बोलले, जसे ते माझ्या लहानपणी साहेबांशी रजा मागताना बोलायचे.

"पोरीले सांगू काय?" ते म्हणाले. "तुले चालन काय?"

माझा बाप स्वतःचं काम सांगायला माझी परवानगी मागत होता. मला लाज वाटली. त्यांची वाटत होती ती इतकी वर्षं मला सवयीची होती. ही दुसरीच होती आणि ती मला उभी कापत गेली. मी मान हलवली.

मुलगी आत आली. बाबांनी तिला जवळ बोलावलं, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे खोदनारे. मी यायच्यातला."

मुलीला मराठी सगळं कळतं, बोलायचं तेवढं इंग्रजीत. तिनं भिंतीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग तिनं मोबाईल खाली केला आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, की मग आर्किऑलॉजिस्ट कोण म्हणालं होतं.

"मी," मी म्हटलं.

बाईला काय चाललंय ते कळेना, तेव्हा मुलीनंच तिला स्पॅनिशमध्ये सांगितलं. या वेळी मान ताठ नव्हती, शब्द शोधत शोधत सांगितलं. बाईचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उजळला. तिनं बाबांच्या दंडाला धरून त्यांना फोटोपाशी नेलं आणि विचारलं, यातला तुम्ही कोणता असता? बाबांनी फोटो नीट पाहिला. कडेला उभ्या असलेल्यांवरून त्यांची नजर खाली गेली. खड्ड्यात एक माणूस होता, त्याचं फक्त डोकं आणि वर केलेलं घमेलं दिसत होतं.

"हा," ते म्हणाले. "खाली हाय तो. फोटोत अर्धाच येते."

मुलीनं हे भाषांतर केलं आणि बाई हसली. त्या माणसाचं नाव भिंतीवर कुठे आहे तेही तिनं दाखवलं. मग तिनं विचारलं की बाबांनी किती वर्षं काम केलं. अकरा हिवाळे हा आकडा ऐकून तिनं दुकानातून खुर्ची मागवली आणि त्यांना बसवलं. त्यानंतर अर्धा-पाऊण तास बाबा आणि ती बाई खापरं कशी धुवावीत यावर बोलत होते. तिच्या गावात ब्रशनं धुतात, बाबांचं म्हणणं, बोटानं धुवावीत, ब्रशनं रंग जातो. भाषांतर मुलगी करत होती, आबांशी अडखळत का होईना, मराठीत. माझी कोणाला गरज लागली नाही, मी दारात उभी होते.

परतीच्या विमानात बाबा खिडकीशी झोपले. मुलगी मधे. पोर्टलंड मागे पडेपर्यंत ती माझ्याशी बोलली नव्हती. मग इंग्रजीत, हळू, आबांना जाग आली तरी कळू नये अशा बेतानं तिनं विचारलं: आबा खोदायचे हे कळलं असतं, तर ते मला आवडले नसते असं तुला वाटलं का?

मी म्हटलं, तुझ्यासाठी नव्हतं ते. तू नव्हतीस तेव्हा. मग कोणासाठी, तिनं विचारलं. मी त्या जेवणाच्या टेबलाबद्दल सांगितलं, तीन प्रश्नांबद्दल, ते का विचारतात त्याबद्दल. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ती म्हणेल, कळलं. ती म्हणाली, की ते प्रश्न वाईट होते, पण उत्तर आबांचं होतं, तुझं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला एवढं नीट बोलायला शाळेत कोण शिकवतं कोण जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी मनात म्हटलं, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

तिचा प्रोजेक्ट चांगला झाला म्हणे. त्यात तिनं काय सांगितलं ते मला दाखवलं नाही, आणि मी मागितलं नाही.

बाबा परत जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना बेलव्ह्यूच्या इंडियन ग्रोसरीत घेऊन गेले होते. त्यांना चिवड्याचे पोहे घ्यायचे होते, नागपूरला पोहे मिळत नाहीत असं नाही, पण इथलं पाकीट त्यांना शेजाऱ्यांना दाखवायचं होतं. कोथिंबिरीपाशी ती सीनियर भेटली, पुण्याची. आता ती सीनियर नाही, आम्ही बरोबरीच्या आहोत, तिचे केस पांढरे झालेत आणि ती खरं तर बरी बाई आहे. बाबांची ओळख करून दिल्यावर ती मनापासून हात जोडून म्हणाली, "काका, तुम्ही आर्किऑलॉजिस्ट ना? किती वर्षं ऐकतेय तुमच्याबद्दल."

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. विमानातून उतरल्यापासून मी ते तयार ठेवलं होतं, नीट शब्दांत, कोणाला टोचणार नाही असं. बाबांच्या एका हातात पोह्यांचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी.

"नाही जी," ते म्हणाले. "साहेब होते ते वेगळे. मी खोदत होतो."

हे म्हणण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.